चंब्यासाठी चार मुक्काम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही खानापूरचे. दिवाळीनंतर शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत नऊ दिवस हातात आहेत. बरोबर आई-बाबा, पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी. बाबांना इतिहासाची आवड आहे, पण गुडघे दुखतात. आईंना देवदर्शन हवं, शिवाय त्या अजून हाताने कशिदा काढतात. शिमला-मनाली पूर्वी झालंय, आता मॉल रोड नको, डोंगरातलं एखादं जुनं, आपल्या चालीरीती धरून राहिलेलं शहर बघायचंय. म्हणून तुम्ही हिमाचलातलं चंबा निवडलंत आणि यादी केलीत: अमृतसर, धर्मशाला, डलहौसी, खज्जियार, चंबा, भरमौर. प्रश्न असा की हे सगळं कसं बसवायचं आणि चंब्याला एक दिवस पुरेल का.

मी बेळगावातून गेली १८ वर्षं आठ-दहा जणांचे गट घेऊन हिमाचलात जाते. शहराची निवड उत्तम केलीत, हे आधी सांगते. यादी मात्र तुमच्या इच्छेच्या उलट चालली आहे. जुनं शहर बघायचंय म्हणता आणि नऊ दिवसांतले बहुतेक दिवस गाडीत घालवायचं ठरवता. ही सहा ठिकाणं बसवता येतात, बसवून देणारेही भरपूर आहेत. पण मग चंब्याच्या वाट्याला दुपारचे दोन तास येतात, आणि त्या दोन तासांत काय दिसतं ते मी स्वतः अनुभवलंय.

माझ्या दुसऱ्याच सहलीत मी हेच केलं होतं. खज्जियारहून निघून चंब्यात जेवायचं, देऊळ आणि संग्रहालय बघायचं, संध्याकाळी डलहौसी गाठायची. पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. लक्ष्मीनारायणाचा गाभारा दुपारच्या विश्रांतीसाठी बंद. वार सोमवार, म्हणून संग्रहालयही बंद. बरोबर शहापूरचे एक काका होते, आयुष्यभर मागावर बसलेले. ते चौगानाच्या, म्हणजे गावातल्या मैदानाच्या, कडेला बसून राहिले आणि परत निघताना एवढंच म्हणाले, "एवढ्या लांब येऊन मैदान बघितलं की गं." त्यांनी त्या सहलीसाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यानंतर मी ठिकाणं मोजायचं सोडलं आणि मुक्काम मोजायला लागले.

असं समजा, चंब्याचा एखादा माणूस गोव्याला जाताना बेळगावात दोन तास थांबला. किल्ल्यात शिरून १२०४ सालची कमल बस्ती बघितली, छतावरचं दगडी कमळ बघून थक्क झाला, पावशेर कुंदा घेतला आणि गेला. त्याने बेळगाव बघितलं असं आपण म्हणू का? सकाळची गणपत गल्ली त्याला दिसली नाही, वडगाव-खासबागेतल्या मागांची खडखड ऐकू आली नाही, सोमवारी कपिलेश्वराला लागलेली रांग दिसली नाही. कमल बस्ती खरीच, पण गाव तिच्याभोवती जगतं, आणि ते जगणं सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं. चंब्याचंही तसंच आहे.

आता हिशेब बघा, कारण सगळं तिथेच अडतं. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निघालात तर दोन रात्री आणि मधला एक दिवस प्रवासात जाऊन तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत निजामुद्दीनला उतराल. त्या रात्री जम्मूकडची गाडी धरून चौथ्या दिवशी सकाळी पठाणकोट कँट. तिथून चंबा साधारण १२० किलोमीटर, पण सगळा घाट, त्यामुळे चार-पाच तास धरा. म्हणजे चंब्यात पाऊल पडेल ते चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी. परतीचाही असाच हिशेब केला तर गुरुवारी दुपारी चंबा सोडायला हवं. नऊ दिवसांच्या रजेत हातात राहिले दोन मुक्काम. त्यात धर्मशाला आणि अमृतसर घालायचं म्हटलं तर चंब्याला खरंच दोन तासच उरतात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: शक्य असेल तर जाताना दिल्लीपर्यंत विमानाने जा, येताना रेल्वेने या. बेळगाव, हुबळी किंवा गोवा, जिथून त्या दिवशी सोयीचं आणि स्वस्त पडेल तिथून. शनिवारी विमान, रात्रीची पठाणकोट गाडी, रविवारी दुपारी चंबा. गुरुवारी सकाळी चंबा सोडून रात्री पठाणकोटहून दिल्लीची गाडी, शुक्रवारी दुपारी गोवा एक्स्प्रेस, आणि रविवारचा दिवस कपडे धुवायला मोकळा. असे चार मुक्काम मिळतात. विमान येतानाऐवजी जाताना का, असं मला नेहमी विचारतात. वयस्कर माणसं पहिल्या तीन रात्री रेल्वेत नीट झोपली नाहीत की चौथ्या दिवशीच्या घाटात हमखास आजारी पडतात. येताना थकवा असला तरी पुढे काही गाठायचं नसतं. रेल्वेत पाय पसरून, बघितलेलं बोलत बोलत परतायला तर मजा येते.

विमानाचं भाडं पाच जणांचं आहे, ते झेपेल की नाही हे तुम्हीच ठरवायचं. नाही झेपलं तर रेल्वेने जा आणि दोनच मुक्काम करा, पण दोन्ही चंब्यातच करा. भरमौर सोडून द्या. दोन दिवसांत एक शहर थोडं तरी कळतं.

हवेबद्दल मनात असेल ते काढून टाका. हिमाचल म्हटलं की लोक स्वेटरचं गाठोडं बांधतात. चंबा समुद्रसपाटीपासून जवळपास १००० मीटरवर आहे, आपलं बेळगाव साधारण ७५० वर. फरक फार नाही. रावी नदीच्या काठच्या खोऱ्यातलं हे गाव उन्हाळ्यात चांगलं तापतं. नोव्हेंबरात दिवसा ऊन छान असतं, पण सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि मग गारठा पटकन उतरतो. सकाळ-संध्याकाळ एक जाड स्वेटर, कानटोपी पुरे. भरमौर मात्र २१०० मीटरच्या वर आहे, तिथे सावलीत बोटं आखडतात.

तुमची वेळ चांगली आहे. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला चंब्यात मिंजर जत्रा असते. मिंजर म्हणजे मक्याचा तुरा, रेशमाचे तसे तुरे करून अंगावर लावतात आणि शेवटी रावीत सोडतात. जत्रा सुंदर, पण पावसात दरडी कोसळतात. त्यानंतर जन्माष्टमीपासून राधाष्टमीपर्यंत मणिमहेशची यात्रा, तेव्हा भरमौरच्या रस्त्यावर आपल्या सौंदत्तीच्या पौर्णिमेसारखी गर्दी. आई-बाबांना घेऊन त्या दिवसांत मी कुणालाच पाठवत नाही. दिवाळीनंतर रस्ता मोकळा असतो, आकाश स्वच्छ असतं.

राहायचं कुठे, तर चौगानाला लागून किंवा तिथून पाच मिनिटांच्या चालीवर. चौगान म्हणजे गावाच्या मधोमध असलेलं लांबलचक हिरवं मैदान. खाली नदी, वर चढत गेलेली घरं. बाजार, देवळं, संग्रहालय सगळं त्याच्या आसपास. राज्य पर्यटन महामंडळाचं इरावती हॉटेलही तिथेच आहे. इरावती हे रावीचंच जुनं नाव. दरीचा नजारा हवा म्हणून गावाबाहेर चार किलोमीटरवर खोली घेतलीत तर प्रत्येक वेळी गाडी लागेल, बाबा दुपारी खोलीवर येऊन आडवे होऊ शकणार नाहीत, आणि संध्याकाळच्या आरतीला जायचा कंटाळा येईल. दरी तर रस्ताभर दिसणारच आहे.

रविवारी दुपारी पोचलात की काहीही बघायला धावू नका. चहा प्या, मुलीला चौगानावर सोडा. संध्याकाळी मात्र लक्ष्मीनारायणाला जा. पायऱ्या-चढाची गल्ली आहे, बाबांना सावकाश चढू द्या.

या देवळाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खानापूरकरांना ते जास्त कळेल. तुम्ही हलशीचं भूवराह-नृसिंह मंदिर बघितलेलं असणार. कदंबांचं पायऱ्यापायऱ्यांचं शिखर डोळ्यांसमोर आणा आणि मग हे बघा. एका रांगेत सहा दगडी देवळं, निमुळती होत गेलेली उत्तरेकडच्या धाटणीची उंच शिखरं, तीन विष्णूची आणि तीन शिवाची. त्यातल्या एकाचं नाव त्र्यंबकेश्वर, हे वाचून आपल्या माणसांचे हात आपोआप जोडले जातात. शिखरांच्या माथ्यावर मात्र लाकडी छत्र्या दिसतील, दगडी देवळाला टोपी घातल्यासारख्या. बर्फ आणि पाणी दगडाच्या फटींत मुरू नये, बाहेरच्या बाहेर ओघळून जावं, म्हणून ही सोय. दक्षिणेत किंवा कोकणात याची गरज नाही, म्हणून आपल्याला ती नवीन वाटते. बाबांना छत्रीच्या खालचा भाग दाखवा, दगड आणि लाकूड कसं सांधलंय ते.

हे देऊळ दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने बांधायला घेतलं. त्यानेच राजधानी भरमौरहून इथे आणली, लेक चंपावतीच्या नावावरून गावाचं नाव चंबा पडलं असं सांगतात. मूर्तीच्या संगमरवरासाठी त्याने आपले मुलगे विंध्य पर्वताकडे पाठवले आणि त्यातले बरेच परत आलेच नाहीत, अशीही कथा आहे. पुढे १६७८ मध्ये औरंगजेबाने देवळं पाडायचा हुकूम धाडला, तेव्हा राजा छत्रसिंगाने उलट शिखरांवर सोन्याचा मुलामा दिलेले कळस चढवले. आणखी एक गोष्ट आईंना जरूर सांगा. साहिल वर्मनचा गुरू म्हणून जो योगी पूजला जातो त्याचं नाव चर्पटनाथ. लक्ष्मीनारायणाजवळ त्याचं छोटं देऊळ आहे. आपल्याकडे घरोघरी नवनाथांची पोथी लागते, त्यातलं चर्पटीनाथ हे नाव रावीच्या काठी ऐकू आलं की अंगावर काटा येतो. माझ्या गटातल्या एका आजींनी तिथेच बसून, डोळे मिटून नवनाथांची नावं म्हटली होती. पुजाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण त्या पूर्ण करेपर्यंत तो शांत उभा राहिला आणि मग त्यांच्या ओंजळीत प्रसाद ठेवला.

सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून तो दिवस गावात पायी फिरायचा. सकाळी लवकर बाजारातून चक्कर मारा. चौगानाच्या टोकाला हरिराय मंदिर आहे, त्यातली विष्णूची धातूची मूर्ती १९७१ मध्ये चोरीला गेली होती आणि देशाबाहेर जाता जाता मुंबईत सापडली. चंपावतीचं देऊळ जवळच. चामुंडेचं देऊळ उंचावर आहे, पायऱ्या खूप, पण वरपर्यंत गाडी जाते. बाबांना गाडीनेच न्या. पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर, खाली लाकडी खांब आणि छतावर कोरीव काम, टांगलेल्या घंटाच घंटा. वरून अख्खं गाव पायाशी दिसतं, तेव्हा बाबांना नकाशा आपोआप कळतो.

सुई मातेचं ठिकाण सोडू नका. गावाला पाणी मिळेना. पाट खणला तरी पाणी चढेना, तेव्हा राजघराण्यातलं कुणीतरी बळी द्यावं लागेल असं स्वप्नात आलं, आणि राणीने स्वतःला पाटाच्या तोंडाशी जिवंत गाडून घेतलं, अशी तिची कथा. चैत्रात तिची जत्रा भरते, तीही बायका आणि मुलांची. गद्दी बायका तिची गाणी म्हणतात. मी स्वतः पाण्यासाठी हंडे वाहत वाढले, म्हणून असेल, पण तिथे उभं राहिल्यावर मला गावाच्या इतिहासापेक्षा ती बाईच जास्त दिसते. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगायची का, कशी सांगायची, हे तुम्ही दोघं ठरवा. माझ्या अनुभवात मुलं गंभीरपणे ऐकतात आणि नंतर नेमके प्रश्न विचारतात.

मंगळवारी भरमौर. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच, पण अरुंद, दरीकाठचा रस्ता, जायलाच अडीच-तीन तास. सकाळी सातला निघा आणि अंधाराच्या आत परत या. कुणाला गाडी लागत असेल तर आधीच डॉक्टरांकडून गोळी घेऊन ठेवा, आणि ड्रायव्हर स्थानिकच असू द्या. हे सगळं कशासाठी, तर चौरासी मंदिरांच्या आवारासाठी. ही साहिल वर्मनच्या आधीची राजधानी, जुनं नाव ब्रह्मपुर. तिथलं लक्षणादेवीचं लाकडी देऊळ सातव्या शतकातल्या मेरु वर्मनच्या काळातलं. बाहेरून साध्या गावठी घरासारखं दिसतं, म्हणून लोक पुढे निघून जातात. दाराशी थांबा. चौकटीवरचं कोरीव काम ऊन-वाऱ्याने झिजलंय, तरी माणसांचे चेहरे, वेली, गंधर्व ओळखता येतात. आत देवीची धातूची मूर्ती, आणि तिच्यावर घडवणाऱ्या कारागिराचं नाव आहे: गुग्गा. तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव असं क्वचितच उरतं. आवारात पितळेचा मोठा नंदीही त्याच काळातला. आपल्या गावदेवळातल्या दगडी नंदीची सवय असलेल्या आईंना तो बघून फार आनंद होईल.

जाता-येता रस्त्यात मेंढ्यांचे कळप अडवतील. अडवू द्या, हॉर्न वाजवू नका. थंडी सुरू झाली की गद्दी मेंढपाळ उंच कुरणांवरून खाली कांगड्याकडे उतरतात. लोकरीचा चोला, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढे. चिकोडी-रायबागकडून खांद्यावर घोंगडी टाकून फिरणारे आपले धनगर तुमच्या मुलीने बघितलेले असतील, तिला म्हणावं हे त्यांचे डोंगरातले भाऊबंद.

भरमौर बुधवारी का ठेवत नाही, तेही सांगते. एक वर्ष मी ते शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. परत येताना पुढे दरड पडली, सहा तास गाडीत बसलो, मध्यरात्री चंब्यात पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पठाणकोटची गाडी चुकली. अकरा जणांची तिकिटं वाया गेली. मंगळवारी गेलात तर बुधवार राखीव राहतो, आणि दोन घाटांच्या मध्ये अंग आणि पोट दोन्ही ठिकाणावर येतं. बाबांचे गुडघे मंगळवारी सकाळी जास्त दुखत असतील तर एक जण त्यांच्याबरोबर चंब्यात राहा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

बुधवार संग्रहालयाचा. भूरी सिंग संग्रहालय १९०८ मध्ये सुरू झालं, राजा भूरी सिंगाने आपल्या घराण्याकडची चित्रं त्यासाठी दिली. बसोली आणि गुलेर शैलीची ती लहान चित्रं जवळ जाऊन, एकेक बघायची. पण बाबांना आधी कोरलेल्या दगडी फरशांकडे न्या. चंब्याच्या खोऱ्यांत झऱ्यावर असे मोठे दगड उभारायची पद्धत होती: मेलेल्या आप्ताच्या नावाने पाण्याची सोय करायची, दगडावर वरुण आणि इतर देव कोरायचे, खाली शारदा लिपीत लेख. आपल्याकडे मारुतीच्या देवळासमोर वीरगळ पडलेले असतात ना, तिथे लढून मेलेल्याची आठवण, इथे तहानलेल्याला पाणी पाजून ठेवलेली आठवण. मी हे दोन्ही मनात शेजारी ठेवते तेव्हा एका दगडाने दुसरा समजतो. लिपीचंही तसंच. चंब्यात शारदेनंतर टांकरी आली आणि मग देवनागरीने तिला बाजूला सारलं. आजोबांच्या दप्तरात मोडीतले कागद असलेल्या बेळगावकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता रुमाल. आईंसाठी ही सहल खरं म्हणजे इथे आहे.

चंब्याचा रुमाल खिशात ठेवायचा नसतो. लग्नात भेटीच्या ताटावर झाकायचं, नाहीतर देवाला वाहायचं हे भरतकाम. पातळ मलमलीसारख्या किंवा हातमागाच्या कापडावर आधी कोळशाने चित्र रेखायचं, कृष्णाची रासक्रीडा, लग्नाचा मांडव, शिकार. पूर्वी हे रेखाटन दरबारचे चित्रकारच करून द्यायचे. मग पीळ न दिलेल्या रेशमाने ते भरायचं, आणि ते असं की दोन्ही बाजू एकसारख्या दिसाव्यात. तिथे याला दो-रुखा म्हणतात.

काही वर्षांपूर्वी माझी मावशी बरोबर होती. एका कारागीर बाईंच्या घरी खिडकीशी बसलो होतो. त्यांच्या मांडीवर लाकडी चौकट, त्यात अर्धा झालेला मोर. सुई वर आली की टाका वरच्या बाजूला आडवा पडतो, खाली गेली की तितकाच खालच्या बाजूला, म्हणजे एकाच वेळी दोन मोर भरले जातात. मावशी दहा मिनिटं काही बोलली नाही. मग तिने पिशवीतून आपली चंची काढली, इरकली खणाच्या तुकड्यावर कशिद्याचं गोपुर काढलेली, आणि उलटी करून त्यांच्या हातात दिली. त्या बाईंनी उलट बघितली, सुलट बघितली, अंगठ्याच्या नखाने टाक्यावरून हळूच फिरवलं आणि गाठ शोधली. गाठ नव्हती. आपल्या कशिद्यातले गवंती आणि मुरगी टाके दोन्हीकडून सारखेच दिसतात, हे आईंना माहीतच आहे. फरक तिथे मावशीनेच खुणेने दाखवला: आमच्याकडे रेखाटन नाही, कापडाचे धागे मोजायचे. तिने बोटांनी एक-दोन-तीन-चार मोजून दाखवलं. त्या बाई हसल्या आणि त्यांनी आपली कोळशाची रेघ दाखवली. अर्धा तास दोघी बोलत होत्या, एक चंबियाळीत, एक मराठीत, आणि मी मध्ये काही बोलायची गरज पडली नाही.

रुमाल विकत घ्यायचा असेल तर तो उलटा करा. उलट बाजूला गाठी, सुटलेले धागे, फिकं काम दिसलं तर तो घाईचा माल. चांगल्या रुमालाला आठवडे, महिने लागतात, त्यामुळे किंमत ऐकून घासाघीस करू नका. झेपत नसेल तर लहान तुकडा घ्या. विकत न घेता नुसतं काम बघू द्याल का, असं नम्रपणे विचारलं तर बहुतेक ठिकाणी बसवून दाखवतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

रंगमहाल वेळ असेल तर. अठराव्या शतकातला हा वाडा, त्याची भित्तिचित्रं तिथून हलवून संग्रहालयांत नेलेली आहेत.

जेवणाचं एकच सांगते. धाम नावाची पंगत असते, जमिनीवर रांगेत बसून पत्रावळीवर जेवायचं, स्वयंपाक बोटी नावाच्या परंपरागत आचाऱ्यांचा. चंब्याची खासियत राजमाचा मदरा, दही आणि तुपात शिजवलेला, कांदा-लसणाशिवाय, त्यामुळे आई कांदा-लसूण टाळत असतील तरी चालेल. खरी धाम लग्नाकार्यात, पण हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मदरा-भात मिळतो. शेजारी चुख मागा. लाल मिरचीचं आंबट-तिखट चाटण, संकेश्वरी मिरचीच्या ठेच्यावर वाढलेल्या जिभेलाही ते जाणवतं. बरणी घेऊन या, रेल्वेत पिशवीत सरळ उभी ठेवा, तेल गळतं.

गुरुवारी परतताना नेहमीचा रस्ता न धरता खज्जियार-डलहौसीवरून पठाणकोटला उतरा. वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळी आठला चंबा सोडा. खज्जियार चोवीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, देवदारांच्या मधलं गवताचं मैदान आणि खज्जी नागाचं जुनं लाकडी देऊळ. तिथे तासभर, डलहौसीत चहा. अशा तऱ्हेने यादीतली चार ठिकाणं होतात, दोन गळतात. धर्मशाला आणि अमृतसर वेगळ्या सहलीचे विषय आहेत, दोन्हीला आपापले मुक्काम द्यावेत असे.

थोडक्यात तुमचा आठवडा असा: शनिवार विमान आणि रात्रीची रेल्वे, रविवार दुपारी चंबा आणि आरती, सोमवार गावात, मंगळवार भरमौर, बुधवार संग्रहालय आणि रुमाल, गुरुवार खज्जियारमार्गे खाली, शुक्रवारी दिल्लीहून घरची गाडी. पठाणकोटची टॅक्सी आधी ठरवा. रोख पैसे जवळ ठेवा, भरमौरकडे फोन आणि एटीएम दोन्हींवर भिस्त ठेवू नका. ज्यांच्या घरी जाल त्यांच्यासाठी गोकाकचं करदंट न्या. कुंदा इतक्या लांब टिकत नाही, करदंट टिकतं. आणि आईंना सांगा, कपाटातला त्यांच्या हातचा एखादा जुना कशिदा बॅगेत ठेवायचा, अगदी वर, पटकन काढता येईल असा.